जोडावरची गळती

घराची वाटणी होते तेव्हा जमीन मोजून घेता येते, विहिरीचे पाणी पाळीने घेता येते, गाईगुरे आपापल्या दावणीला बांधता येतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मात्र वाट्याला वेगवेगळी आली, तरी वेगळी राहू शकत नाहीत. शेणखत टाकण्याचे दिवस आले की ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याला ट्रॉलीवाल्याच्या दारी जावे लागते, आणि ट्रॉलीवाल्याला ट्रॅक्टरवाल्याच्या. प्रवरेच्या कालव्याखाली असलेल्या आमच्या घरात असेच झाले. थोरल्या काकांकडे ट्रॅक्टर राहिला, आमच्या वडिलांकडे डंपिंग ट्रॉली आली. ट्रॅक्टरचे तेल ज्या ठिकाणी ट्रॉलीच्या नळीत शिरते, तेथे मुठीत मावेल एवढा एक लोखंडी जोड असतो. त्याला कपलर म्हणतात. २०११ च्या उन्हाळ्यात त्या जोडातून तेल गळू लागले आणि पाहता पाहता दोन घरांचे बोलणे तुटण्याची वेळ आली.

एवढ्याशा जोडाला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी हायड्रॉलिकची रीत थोडी सांगितली पाहिजे. सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल आपल्या वाचकांपैकी काहींना त्यांच्या धर्मचिंतनामुळे परिचित असतील. त्यांनीच हेही दाखवून दिले की, कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. लहान पंपाने तेलावर दाब द्यावा आणि त्याच दाबाने रुंद दट्ट्या वर जावा, ही सारी किमया त्या एका नियमाची आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली ह्याच तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले. मात्र दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी बाहेर येई. त्यांच्याच कारखान्यातील हेन्री मॉड्स्ली ह्या कारागिराने कातड्याची वाटीसारखी कडी बसवून तो प्रश्न सोडवला. त्या कडीची खुबी अशी की, पाण्याचा दाब जितका वाढे तितके ते कातडे अधिक घट्ट चिकटून बसे. पुढे हॅरी फर्ग्युसन यांनी हायड्रॉलिकची उचल ट्रॅक्टरच्या अंगातच बसवली, आणि १९३६ पासून तसे ट्रॅक्टर शेतात दिसू लागले.

आजच्या कपलरमध्ये कातड्याच्या जागी रबराची एक गोल कडी असते. तिला ओ-रिंग म्हणतात. मूळचे डेन्मार्कचे, पण अमेरिकेत स्थायिक झालेले नील्स क्रिस्टेन्सन यांना १९३९ साली तिचे पेटंट मिळाले. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. दाबाखाली ही कडी आपल्या खाचेत एका बाजूला सरकते, किंचित चपटी होते आणि फट बुजवते. ही कडी किती मोलाची, हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिले. थंडीने ताठरलेल्या अशाच एका मोठ्या कडीने दगा दिला आणि चॅलेंजर ह्या अंतराळयानातील सातही जण प्राणांस मुकले. आमच्या ट्रॉलीच्या कपलरमधील कडी तर बोटात अंगठीसारखी घालता यावी एवढी. परंतु मोटारीच्या चाकात हवेचा दाब साधारण दोन बार असतो, आणि ट्रॅक्टरच्या ह्या जोडात तेलाचा दाब दीडशे ते दोनशे बारपर्यंत जातो. तो सारा भार त्या अंगठीवर असतो.

कपलरचे दोन भाग असतात. ट्रॅक्टरच्या पाठीमागे बसवलेली ती मादी आणि ट्रॉलीच्या नळीच्या टोकाला असलेला तो नर. दोहोंच्या पोटात स्प्रिंगवर बसलेली एकेक झडप असते. भाग वेगळे असताना झडपा आपापले तोंड बंद ठेवतात; जोडले की एकमेकींना मागे ढकलून तेलाला वाट देतात. मादीच्या तोंडात पोलादी गोळ्यांची रांग असते. वरचे कडे मागे ओढले की गोळ्या मोकळ्या होतात, सोडले की नराच्या गळ्यातील खाचेत बसून त्याला पकडून ठेवतात. ओ-रिंग असते ती मादीच्या आत, आणि ती टेकते नराच्या गुळगुळीत नाकाडावर. म्हणजे कडी एकाची आणि पृष्ठभाग दुसऱ्याचा. आमच्या घरच्या भांडणाचे मूळ नेमके येथेच होते.

ट्रॉली उचलताना जोडावरून तेल ठिबकू लागले, तेव्हा काकांचे म्हणणे असे की, ट्रॉलीचा नर झिजला आहे. आमच्या घरचे म्हणणे असे की, मादी ट्रॅक्टरची आहे, तेल ट्रॅक्टरचे आहे आणि गळतेही ट्रॅक्टरपाशीच. अखेर काकांनी मादी नवी आणून बसवली. पंधरा दिवस जोड कोरडा राहिला, मग पुन्हा गळू लागला. काकांना पुरावा मिळाला: मादी नवी असूनही गळते, त्याअर्थी दोष ट्रॉलीचा. मग वडिलांनी नर नवा आणला. गळती तशीच राहिली. आता वडिलांना पुरावा मिळाला: नर नवा असूनही गळते, त्याअर्थी दोष ट्रॅक्टरचा. दोघांचे पैसे गेले आणि दोघांचीही खात्री पक्की झाली. पुढे गोष्ट कपलरपुरती राहिली नाही. वाटणीच्या वेळी कोणाला काय मिळाले आणि आजीच्या आजारपणात कोणी किती खर्च केला, तेही निघाले. रविवारी चर्चच्या आवारात दोन्ही घरची माणसे दोन झाडांखाली उभी राहू लागली. आम्ही चुलत भावंडे मात्र नजरेनेच एकमेकांची विचारपूस करीत असू.

तालुक्याच्या गावी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री होते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकत्र आणल्याशिवाय हात लावणार नाही, अशी अट त्यांनी घातली. त्यामुळे काका आणि वडील यांना एकाच सकाळी तेथे जावे लागले. मिस्त्रींनी ट्रॉली पूर्ण खाली टेकवली, इंजिन बंद करवले आणि नळीत कोंडलेला दाब निघून जावा म्हणून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवला. जोड उघडण्यापूर्वी त्यांनी तो ब्रशने, डिझेलने बाहेरून स्वच्छ धुतला. "आधी आंघोळ, मग ऑपरेशन," एवढेच ते म्हणाले. मग वर्तमानपत्र पसरून त्यांनी आमच्या वडिलांनी पिशवीतून आणलेला जुना नर आणि काकांच्या मादीतून काढलेली कडी शेजारी शेजारी ठेवली.

नराच्या नाकाडावरून त्यांनी अंगठ्याचे नख फिरवले आणि मग काकांना व वडिलांना तसेच फिरवायला सांगितले. डोळ्यांना न दिसणारा, केसाएवढा ओरखडा नखाला अडकत होता. कडीला एका जागी चाकूने कापावी तशी चीर पडली होती. जुन्या नराने नवी कडी कापली होती, आणि कापलेल्या कडीमुळे नवा नरही गळत होता. दोघेही अर्धे खरे बोलत होते. ओरखडा कशाचा, हे विचारल्यावर मिस्त्रींनी उलट प्रश्न केला: नळीच्या तोंडावरची टोपी कोणाकडे आहे? टोपी कोणाकडेच नव्हती. ती वाटणीच्या आधीच कधीतरी हरवली होती. उघडे तोंड मातीत लोळत होते आणि ती माती घेऊन रोज मादीत शिरत होते. त्यातच उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रॉलीच्या नळीत तेल फुगले, झडप मागे जाईना, की कोणीतरी दगडाने नराचे तोंड ठोकून आत दाबत असे. तो कोणीतरी दोन्ही घरांत होता.

दुरुस्तीला पाऊण तासही लागला नाही. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांच्यासाठी ती सविस्तर लिहितो. गळती कोठून आहे, हे आधी पाहावे. जोडलेले असताना तोंडाशी गळत असेल, तर दोष बहुधा आतील कडीचा. नर काढल्यावरही मादीच्या तोंडातून तेल येत असेल, तर झडप नीट बसत नाही; तेथे कचरा असेल तर धुऊन निघतो, बैठकच खरवडली असेल तर कपलर बदलणे बरे. मागच्या आट्यांपाशी गळत असेल, तर तेथील सीलचा वॉशर पाहावा. सरळ आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून उपयोग नसतो, कारण तेथे तेल अडते ते वॉशरवर. शिवाय पट्टीचे तुकडे सुटून झडपेत अडकतात.

जुनी कडी काढताना स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये. खाचेवर ओरखडा पडला तर नवी कडीही टिकत नाही. मिस्त्रींनी पितळेच्या तारेचा बोथट आकडा वापरला. ओ-रिंगच्या शेजारी बहुधा टणक टेफ्लॉनची एक पातळ कडी असते. दाबाखाली रबर फटीत घुसून कुरतडले जाऊ नये, म्हणून ती असते आणि तिची जागा तोंडाच्या बाजूला असते. निघाली त्याच क्रमाने ती परत गेली पाहिजे. नवी कडी तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराची आणि नेमक्या मापाची घ्यावी. नळाचा वॉशर किंवा सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती चालत नाही. कडीला हायड्रॉलिकचेच तेल लावावे, ती दुमडून बोटाने आत सोडावी आणि खाचेत सर्वत्र बसली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. मग स्वच्छ पुसलेला नर जोडून, इंजिन मंद ठेवून, रिकामी ट्रॉली चारपाच वेळा वरखाली करावी आणि शेवटी तेलाची पातळी तपासावी. आमच्याकडे कड्यांच्या जोडीला जितके रुपये लागले, त्याच्या कितीतरी पट दोन्ही घरांनी आधीच घालवले होते.

थेंब थेंब गळते त्याचे काय एवढे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक साधा हिशेब आहे. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. सेकंदाला एक थेंब गळला तर तासाला १८० मिलिलिटर आणि आठ तासांच्या दिवसाला जवळजवळ दीड लिटर तेल जाते. तेल पडते त्या जागी पाणी मुरत नाही आणि रोप धरत नाही. पातळी उतरली की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि उचल अडखळते. शिवाय अनेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचे आणि गिअरचे तेल एकच असते. ट्रॉली खाली येताना जॅकमधील तेल त्याच वाटेने ट्रॅक्टरात परतते. म्हणजे एकाच्या ट्रॉलीची माती दुसऱ्याच्या गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते, आणि ज्या ज्या ट्रॅक्टरला ती ट्रॉली जोडली जाते त्या प्रत्येकाच्या घरी जाते.

ह्याहून गंभीर गोष्ट हाताची आहे. आमच्या शिवारातील एका तरुण चालकाने २०१४ साली, कपलरजवळची नळी कोठे गळते हे पाहण्यासाठी, इंजिन चालू असताना तिच्यावरून बोट फिरवले. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते, हे त्याला ठाऊक नव्हते. काटा टोचल्यासारखे वाटले; रक्तही फारसे आले नाही. जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन त्याला घरी पाठवण्यात आले. रात्रीतून हात सुजला. शहरात नेईपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता, आणि ती तर्जनी काढावी लागली. अशी जखम बाहेरून कितीही क्षुल्लक दिसली तरी काही तासांच्या आत शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात गेले पाहिजे, आणि तेथे "दाबाचे तेल आत गेले आहे" हे शब्द स्पष्ट उच्चारले पाहिजेत. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा धरून. हाताने कधीही नाही. तसेच, वर उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय कोणी शिरू नये. तिला हवेत धरून ठेवणारे तेल त्याच कड्यांच्या भरवशावर असते.

त्या सकाळी मिस्त्रींच्या दारातून परतताना काका ट्रॅक्टर चालवीत होते आणि वडील शेजारी मडगार्डवर बसले होते. त्यांच्यात काय बोलणे झाले, ते आम्हांस कोणी सांगितले नाही. कड्यांचे पैसे काकांनी दिले आणि नराच्या व मादीच्या दोन्ही टोप्या वडिलांनी आणल्या, एवढे आम्ही पाहिले. जुने हिशेब सारे मिटले असे नाही. आजीच्या आजारपणाचा विषय अजूनही कोणी काढत नाही. परंतु मे महिन्यात खताच्या खेपा सुरू होण्यापूर्वी दोन्ही घरची मुले जोड धुतात, कड्या पाहतात आणि डब्यात चार कड्या जास्तीच्या ठेवतात. डबा काकांच्या ट्रॅक्टरच्या पेटीत असतो. टोपी हरवू नये म्हणून ती नळीला साखळीने बांधलेली आहे.