लाकडी बैलांचा पोळा

आमच्या धर्मग्रामातील आठ तरुणांनी मिळून बास्केटबॉलची एक लीग चालविली आहे. तीत आठ संघ आहेत, सामन्यांचे वेळापत्रक आहे, गुणतक्ता आहे, जायबंदी खेळाडूंची यादीसुद्धा आहे. नाही तो फक्त चेंडू. खेळाडू आहेत तेही संगणकाने निर्माण केलेले. त्यांना नाव, उंची आणि वय आहे, आईबाप मात्र नाहीत. संघांची नावे तेवढी आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील नद्यांची: वर्धा, पैनगंगा, पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा, निर्गुडा आणि वाघाडी. उन्हाळ्यात यांतील काही नद्यांच्या पात्रांत गुरे चरतात. लीगमध्ये त्या बारमाही वाहतात.

या आठांपैकी एक जण पुसदला शिक्षक आहे, एक वणीला कोळसा खाणीच्या कार्यालयात आहे, तिघे पुण्या-नागपूरला नोकरीस लागले आहेत आणि तिघे गावीच शेती पाहतात. इंटरनेटवर विनामूल्य मिळणारा ‘बास्केटबॉल जीएम’ नावाचा खेळ एकाच्या संगणकावर चालतो आणि उरलेले सात जण फोनवरून आपापल्या संघाचा कारभार हाकतात. कोणाला खेळवायचे, कोणाच्या बदल्यात कोणाला घ्यायचे, हे माणसांनी ठरवायचे. सामना संगणकाने खेळायचा. तो कसा, हे त्यांनी आम्हांला सोप्या शब्दांत समजावून दिले. एखादा खेळाडू लांबून टाकलेल्या शंभर चेंडूंपैकी चाळीस कडीत घालण्याच्या योग्यतेचा असेल, तर संगणक मनातल्या मनात एक ते शंभरमधील एक आकडा काढतो. आकडा चाळीस किंवा त्याखाली आला, तर चेंडू आत. वर गेला, तर बाहेर. प्रत्यक्षातील हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, पण मर्म एवढेच. आपल्या आजोबांच्या सारीपाटावर कवड्या जे करीत, तेच येथे विजेच्या वेगाने होते.

वाचकांपैकी ज्यांचे केस आमच्यासारखे पिकले आहेत, त्यांनी या मुलांना हसू नये. आम्ही सेमिनरीत असताना लॅटिन व्याकरणाचा जाड ग्रंथ एका विशेष उपयोगाचा होता. डोळे मिटून पान उघडायचे. पृष्ठांकाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा. शून्य आले की फलंदाज बाद. या ‘बुक क्रिकेट’मध्ये गावसकर आणि विश्वनाथ आमच्या बाकाखाली कितीदा शतके ठोकून गेले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. दूर अमेरिकेत लोवेल गावी वाढलेला, फ्रेंच-कॅनेडियन कॅथलिक घरातला जॅक केरुॲक हा मुलगा पुढे मोठा कादंबरीकार झाला. पण लहानपणी त्याने पत्ते आणि गोट्या घेऊन बेसबॉलची एक संपूर्ण काल्पनिक लीग उभारली होती. संघांना त्याने मोटारींची नावे दिली होती, स्वतःच बातमीपत्रे लिहीत असे, आणि मोठेपणीही त्याने हा नाद सोडला नाही. मनात जग रचण्याची हौस माणसाला जुनीच आहे.

असो. गोष्ट आहे ती २०२६ च्या फेब्रुवारीतली. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये दरवर्षी याच महिन्यात नेहमीचे सामने थांबवून ‘ऑल-स्टार वीकेंड’ साजरा होतो. शुक्रवारी उगवत्या खेळाडूंचा खेळ, शनिवारी लांबून चेंडू टाकण्याच्या आणि उंच उडी घेऊन तो वरून कडीत दाबण्याच्या स्पर्धा, रविवारी निवडक खेळाडूंचा सामना. या तीन दिवसांतील एकही गुण तक्त्यात धरला जात नाही. २०२६ साली हा सोहळा १३ ते १५ फेब्रुवारीस होता आणि राखेचा बुधवार १८ तारखेस. आमच्या आठ जणांनीही आपल्या लीगचा ऑल-स्टार वीकेंड त्याच तीन दिवसांत ठरविला आणि प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस संगणक बंद ठेवण्याचे जाहीर केले. हा निश्चय त्यांचा त्यांनीच केला, हे नमूद केले पाहिजे.

परंतु ‘लीग’ हा शब्द कानी पडताच एक माऊली मिस्सा आटोपल्यावर आमच्याकडे आली. “फादर, पुन्हा तेच सुरू झालं जी,” एवढेच बोलून ती गप्प झाली. तिचा मुलगा या आठांतील ‘अडाण’ संघाचा मालक. दोन वर्षांपूर्वी पैसे लावून खेळण्याच्या कुठल्याशा ॲपवर त्याने कापसाचे आलेले पैसे घालविले, मग ते परत मिळविण्यासाठी बियाण्याकरिता काढलेले कर्जही घालविले. देणे फेडण्यासाठी घरची बैलजोडी विकावी लागली. त्या वर्षी त्यांच्या दारी पोळ्याला मातीचे बैल पुजले गेले. हे आम्ही त्या घरच्यांच्या संमतीनेच लिहीत आहोत.

या माऊलीला उत्तर देण्यासाठी आम्हांला थोडा अभ्यास करावा लागला. आणि बास्केटबॉलचा इतिहास आमच्या अपेक्षेहून आमच्या घराजवळचा निघाला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या कॅनेडियन शिक्षकाने तो शोधून काढला. नेस्मिथ हा ईशज्ञान शिकलेला गृहस्थ. पुढे तो प्रेस्बिटेरियन पाळकही झाला. बाहेर बर्फ असल्याने अंगात मस्ती साठलेल्या तरुणांना व्यायामशाळेतच काहीतरी खेळ द्यायचा होता. त्याने तेरा नियम लिहिले आणि पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला, दहा फूट उंचीवर ठोकल्या. पहिल्या सामन्यात अठरा जण खेळले आणि चेंडू एकदाच टोपलीत पडला. मनुष्याला आवरण्यासाठी आणि जोडण्यासाठी जन्मलेला हा खेळ. मिशनऱ्यांच्या शाळांतून तो आपल्या देशात पसरला, तो त्याच हेतूने.

ऑल-स्टार सामन्याची जन्मकथा तर अधिक बोधक आहे. १९५१ च्या आरंभी न्यूयॉर्कमधील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सट्ट्याचे मोठे प्रकरण उघडकीस आले. खेळाडूंना पैसे मिळत ते केवळ हरण्यासाठी नव्हेत; जिंका, पण सटोडियांनी ठरविलेल्या फरकाहून कमी गुणांनी जिंका, असा व्यवहार असे. आदल्याच वर्षी देशातील दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकलेल्या सिटी कॉलेजचे खेळाडूही पकडले गेले. लोकांचा खेळावरचा विश्वास उडाला. तो परत यावा म्हणून बॉस्टन संघाचे मालक वॉल्टर ब्राऊन यांनी एका सामन्याचा खर्च पत्करला, आणि २ मार्च १९५१ रोजी बॉस्टन गार्डनमध्ये पूर्व आणि पश्चिम विभागांचे निवडक खेळाडू समोरासमोर आले. १०,०९४ प्रेक्षक जमले. पूर्वेने १११-९४ असा विजय मिळविला. त्या दिवशी पूर्वेकडून एड मकॉलीने २० गुण केले आणि पश्चिमेचा धिप्पाड जॉर्ज मायकन १२ गुणांवर रोखला गेला. मायकन बालपणी धर्मगुरू होण्याच्या इच्छेने शिकागोच्या सेमिनरीत दाखल झाला होता. जेझुइटांच्या सेंट लुईस विद्यापीठात शिकलेला मकॉली पुढे उपधर्मगुरू झाला आणि प्रवचन कसे करावे यावर एका धर्मगुरूसह त्याने पुस्तक लिहिले. तात्पर्य, सट्ट्याने काळवंडलेल्या खेळाला पुन्हा उजळा देण्यासाठी जो सामना योजला गेला, तो निकालाला किंमत नसलेला सामना होता. ज्याच्या निकालावर काही अवलंबून नाही, तो विकत घेऊन कोणाला काय मिळणार?

आम्ही विदर्भातले, त्यामुळे आम्हांला यात पोळा दिसला. वर्षभर जे बैल ओढतात, त्यांच्या खांद्याला त्या दिवशी जू लागत नाही. त्यांना न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, पाठीवर झूल घालतात, तोरणाखाली उभे करतात, आणि झडत्या म्हणत गाव त्यांचे कौतुक करते. त्या दिवशी एक तासही नांगरणी होत नाही, आणि म्हणूनच तो सण असतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान मुले चाकांचे लाकडी बैल दोरीने ओढीत दारोदार जातात. लाकडी बैलाने आजवर कोणाचे शेत नांगरले नाही. पण त्याला सजविताना मुलाच्या हाताला जे वळण लागते, ते खरे असते. एनबीएचा ऑल-स्टार वीकेंड हा बास्केटबॉलचा पोळा म्हटला, तर आमच्या आठ जणांचा हा तान्हा पोळा होय.

आता माऊलीच्या भीतीकडे वळू. ती भीती खोटी नव्हती. मुंबईत २००८ साली सुरू झालेल्या ड्रीम-इलेव्हनपासून काल्पनिक संघ निवडण्याचा खेळ आपल्याकडे घरोघरी पोहोचला. हे कौशल्य की जुगार, हा वाद उच्च न्यायालयांपर्यंत गेला आणि कौशल्याच्या बाजूने निवाडेही झाले. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून, कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळच बंद केले. ड्रीम-इलेव्हननेही आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबविल्या. राष्ट्रपतींची संमती मिळाली ती २२ ऑगस्टला, आणि त्याच दिवशी आमच्याकडे पोळा होता. ज्यांची जोडी आधीच विकली गेली, त्यांना कायदा ती परत देऊ शकत नाही. मात्र पैसे न लावता खेळण्याला या कायद्याने मनाई केलेली नाही, आणि हा भेद आम्हांला योग्य वाटतो. पैसा शिरला की खेळातील प्रत्येक आकडा मोजला जाऊ लागतो. मग तेथे सुटीचा दिवस उरत नाही; रात्र उरत नाही; हरणाऱ्याला घरी जाण्याची वेळही उरत नाही.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना वाचलेली एक कथा येथे आठवते. संत योहान आपल्या शिष्यांसह खेळत असलेले पाहून काही जणांना ते रुचले नाही. योहानांनी त्यांतील धनुष्य बाळगणाऱ्या एकाला बाण सोडायला सांगितले. त्याने एकामागून एक बाण सोडले. हे असेच अखंड करता येईल काय, असे विचारता तो म्हणाला की धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच, असे योहानांनी त्याला सांगितले. दोरी सैल करण्याला संत थॉमस सद्गुणात जागा देतात. पण तिलाही मर्यादा आहे, हे सांगायला ते विसरत नाहीत. पैशाच्या खेळात गुंतलेल्या मुलाचे धनुष्य क्षणभरही सैल होत नाही. तो खेळतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो राबत असतो.

म्हणून आम्ही त्या मुलांची वही मागवून घेतली आणि दोन संध्याकाळ ती वाचली. तीत रुपयाचा उल्लेख कोठेही नव्हता. एका पानावर मात्र बरीच खाडाखोड होती. ऑल-स्टार संघाची यादी संगणक आकड्यांवरून सुचवितो, पण ती बदलण्याची मुभा असते. ‘अडाण’च्या मालकाने आपला छत्तीस वर्षांचा एक खेळाडू यादीत घालण्याचा आग्रह धरला होता. पाच हंगाम त्याने संघ ओढला, आता त्याचे आकडे उतरले होते, हंगामाअखेर तो निवृत्त होणार होता. इतरांचे म्हणणे, नियम तो नियम. वणीच्या मुलाने लिहिले होते की आकडे पाहता त्याची जागा विसावीसुद्धा नाही. त्याखाली या मुलाने एकच ओळ लिहिली होती: म्हाताऱ्या बैलालाही पोळ्याला झूल घालतात. पुढे वाद नाही. आठ जणांच्या सह्या आहेत.

रविवारी सामना झाला. त्या म्हाताऱ्याने अकरा मिनिटांत चार गुण केले. संगणकाला पोळा ठाऊक नाही, त्याने कोणतीही दया दाखविली नाही. तरीही फोनवर सात जणांनी टाळ्या वाजविल्या, असे आम्हांला सांगण्यात आले. प्रत्यक्ष एनबीएतही या सणाची शान राखणे सोपे जात नाही. १८ फेब्रुवारी २०२४ चा सामना २११-१८६ असा संपला, आणि कोणी कोणाला अडवीतच नव्हते म्हणून जाणत्यांनी खेद केला. निकालाला किंमत नाही म्हणून खेळालाही किंमत द्यायची नाही, हा सणाचा अर्थ नव्हे. पोळ्याला काम नसते. पण बैल सजविण्यात कोणी कुचराई करीत नाही.

शनिवारची लांबून चेंडू टाकण्याची स्पर्धा मात्र गावी असलेल्या तिघांनी संगणकावर न घेता शाळेमागच्या मैदानावर घेतली. सिमेंटला भेगा, कडीला जाळी नाही, चेंडू एकच, तो आणून द्यायला पहिल्या कम्युनियनच्या वर्गातली मुले. पंचवीस चेंडूंत कोणाचे सातांहून अधिक गेले नाहीत. त्या माऊलीने कुंपणापाशी उभे राहून शेवटपर्यंत पाहिले. ती काही बोलली नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

आईबापांना आमचे सांगणे थोडके आहे. मुलाच्या हातातील खेळाचे नाव विचारण्याआधी दोन गोष्टी पाहा. त्यात पैसा जातो काय, आणि तो खेळ मध्येच थांबविता येतो काय. जो खेळ राखेच्या बुधवारी बाजूला ठेवता येतो, त्याची फार चिंता करू नका. उलट एखाद्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि त्याचा सर्वांत म्हातारा खेळाडू कोणता, हे विचारा. त्याच्या उत्तरावरून खेळाची नाही, पण मुलाची पारख तुम्हांला नक्की होईल.