चाकांची अदलाबदल

आमच्या घरांत माणसें अकरा. पण अमुक वस्तु अमक्याची, असा हिशेब फारसा कोणी ठेवीत नाहीं. थोरल्याचा सदरा धाकट्याला, धाकट्याचीं पुस्तकें त्याच्या बहिणीला, हा क्रम आमच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आला आहे व त्यांत कोणाला कधीं कमीपणा वाटलेला नाहीं. त्याच क्रमानें गेल्या उन्हाळ्यांत थोरल्या चिरंजीवांच्या मुलाचे स्केट्स धाकट्या चिरंजीवांच्या मुलीकडे आले. नातवाचें पाऊल वाढलें, नातीचें तेथवर येऊन पोहोंचलें, आणि जोडा लांब-आंखूड करतां येण्याजोगा असल्यामुळें तो तिला बेताचा बसलाहि. पैसे वांचले म्हणून घरांतील कर्तीं माणसें संतुष्ट झालीं. मीहि झालों. पुढील सगळा प्रकार ह्या संतोषांतूनच उद्भवला.

ज्यांच्या घरीं हें प्रकरण अद्याप शिरलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. हा जोडा म्हणजे एक उंच बूट, त्याच्या तळाला धातूची एक अरुंद चौकट, आणि तींत एकामागून एक ओळीनें बसविलेलीं चार चाकें. गाडीसारखीं दोन पुढें व दोन मागें चाकें असलेले स्केट्सहि असतात. ती रचना अमेरिकेंतील जेम्स प्लिम्टन यानें १८६३ सालीं पुढें आणली. परंतु ओळींतल्या चाकांची कल्पना तिच्याहून जुनी. पेतिब्ले नांवाच्या गृहस्थानें १८१९ सालींच पॅरिस येथें तीन चाकें एका रांगेंत बसविलेल्या स्केटचें पेटंट घेतलें होतें. तें मागें पडलें, आणि १९८० च्या सुमारास मिनेसोटांतील ओल्सन बंधूंनीं, बर्फावरील हॉकीचा सराव उन्हाळ्यांतहि करतां यावा म्हणून, तीच कल्पना पुन्हां उजेडांत आणली. बर्फाशीं ज्यांचा जन्मांत संबंध आला नाहीं अशीं आमच्या पुण्यांतलीं मुलें आज तिच्यावर घसरत आहेत.

संध्याकाळीं नातीला मैदानावर नेण्याचें काम माझ्याकडे होतें. सिमेंटच्या गुळगुळीत रिंगणांत सगळीं मुलें अपसव्य फिरतात, म्हणजे डावा हात आंत ठेवून. देवळांतली प्रदक्षिणा अंगवळणीं पडलेल्या मला पहिले चार दिवस तें पाहतांना कसेंसेंच होई. नात सरळ रेषेंत बरी जाई. परंतु वळण आलें कीं तिचे घोटे आंत कलत, पाय फांकत, आणि ती कठड्याला जाऊन बिलगे. तिच्या बरोबरीच्या मुली तीन महिन्यांत वळणावर पायावरून पाय टाकून जाऊं लागल्या. ही मात्र कठड्यापाशींच. शिकविणाऱ्या तरुण मास्तरांनीं घोटे कच्चे असल्याचें निदान केलें. सौभाग्यवतीनें रात्रीं घोट्यांना तिळाचें तेल चोळलें. सूनबाईंनीं पट्टे आणून बांधले. मी पडलों पस्तीस वर्षें मास्तरकी केलेला मनुष्य. मीं उपदेश केला. ध्रुवाचें उदाहरण दिलें, अर्जुनाचें दिलें, आणि एके दिवशीं ती कांहीं केल्या कठडा सोडीना तेव्हां चारचौघांत तिला 'भित्री' म्हणालों. ती उलटून कांहीं बोलली नाहीं. घरीं येईपर्यंत तिनें माझें बोट धरलें नाहीं, एवढेंच.

दुसऱ्या दिवशीं ती जावयास तयार होईना. "आजोबा, मला नाहीं जायचं. माझे पाय आपोआप आंत पडतात," असें म्हणून तिनें जोडा व्हरांड्यांत टाकून दिला. तो उताणा पडला. कलतें ऊन नेमकें त्याच्या तळाशीं पडलें होतें, आणि त्या उन्हांत मीं तीं चाकें प्रथमच पाहिलीं. तीन महिने मी तो जोडा पिशवींतून नेत-आणीत होतों. त्याच्याकडे पाहिलें मात्र नव्हतें.

नव्या चाकाची कड दोहों बाजूंस सारखी उतरती, बोटाच्या अग्रासारखी असते. हीं चाकें आंतल्या अंगास तासल्यासारखीं झालीं होतीं. जुनी वहाण एका बाजूस झिजावी तशीं. उजव्या जोड्याचीं तर फारच. अशा चाकांवर उभें राहिलें कीं बूट आपण होऊनच आंत कलूं पाहतो, आणि वळणावर चाकाला जमीन नीट धरतां येत नाहीं. तिच्या घोट्यांत मुळीं कच्चेपणा नव्हताच असें मी म्हणत नाहीं. पण जेथें पक्का घोटासुद्धां कलला असता तेथें आम्ही तेल चोळीत बसलों होतों.

झीज एकाच बाजूस कां, ह्याचा उलगडा व्हावयास मला दोन संध्याकाळ लागल्या. स्केट्सवर मनुष्य पाऊल उचलून चालत नाहीं. तो पाय बाजूस रेटतो आणि त्या रेट्यानें पुढें सरकतो. हा रेटा चाकाच्या आंतल्या कडेवर पडतो, म्हणून ती आधीं झिजते. त्यांत रिंगणांत सदैव डावीकडेच वळावयाचें; वळणावर उजवा पाय आंतल्या कडेवर भार घेतो तर डावा बाहेरच्या. शिवाय आमच्या नातवाला थांबण्यासाठीं उजवा पाय मागें आडवा फरफटत नेण्याची संवय. फळ्यावर खडू झिजावा तशीं त्यानें चाकें झिजतात. दोन वर्षें त्यानें हें केलें, आणि त्याच्या पायांनीं घडविलेलीं तीं चाकें आम्हीं, पैसे वांचले म्हणून, तिच्या पायाखालीं दिलीं.

येथें एक जुनी गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९८८ सालीं मी एका लहान गांवीं संस्कृत शिकवीत होतों. शेवटच्या बांकावरील एक मुलगा फळ्यावरचें सुभाषित उतरवून घेतांना हटकून चुके. विसर्ग गाळी, काना सोडी. मीं त्याला कितीदां उभें केलें व काय काय बोललों तें आज लिहवत नाहीं. वर्षाअखेर डोळेतपासणीचें शिबिर झालें आणि त्याला जाड भिंगांचा चष्मा लागला. चष्मा लावून तो पहिल्या दिवशीं वर्गांत आला तेव्हां फळ्याकडे पाहून हंसला. त्या हंसण्याची क्षमा मागावयाची माझी राहूनच गेली. मुलगा पुढच्या वर्षीं दुसऱ्या गांवीं गेला. व्हरांड्यांत पडलेल्या त्या जोड्यापुढें मी खुर्ची ओढून बसलों तेव्हां हा मुलगा माझ्यापुढें उभा होता.

चाकांची अदलाबदल करावी लागते हें मैदानावरील एका मोठ्या मुलानें सांगितलें. रीत सोपी आहे. पहिलें चाक तिसऱ्याच्या जागीं व तिसरें पहिल्याच्या. दुसऱ्याचें आणि चौथ्याचें तसेंच. आणि बसवितांना प्रत्येक चाक उलटें करावयाचें, म्हणजे झिजलेली कड बाहेर येते व कोरी कड आंत. घरीं येऊन मीं षट्कोनी किल्ली हातीं घेतली. उजव्या जोड्याचीं चाकें अधिक झिजलेलीं, तेव्हां तीं डाव्याला घालावीं व डाव्याचीं उजव्याला, अशी एक सुधारणा मीं स्वतःच्या बुद्धीनें केली. आणि प्रत्येक चाक आज्ञेप्रमाणें उलटेंहि केलें. आठहि चाकें बसवून पाहतों तों झिजलेली कड पुन्हां आंतच! उजव्या पायाची आंतली बाजू ती डाव्या पायाची बाहेरची. पाय बदलतांना चाक तसेंच सरळ उचलून नेलें असतें तर काम झालें होतें. मीं पायहि बदलला आणि चाकहि उलटें केलें. दोन नकार एकत्र आले कीं मूळचा होकारच उरतो, हें मुलांना शिकविण्यांत माझा जन्म गेला आहे. नातवाला हंसूं आवरेना. नात मात्र हंसली नाहीं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि एक एक आंस काढून हातांत देऊं लागली.

तेव्हांपासून आम्हीं प्रत्येक चाकावर खूण करून ठेविली आहे. चाकावर मूळचे दोन आंकडे छापलेले असतात. आमच्यावर ७६ आणि ८२ए असे होते. पहिला आंकडा व्यासाचे मिलिमीटर सांगतो व दुसरा काठिण्य. चाकें पॉलियुरेथेनचीं असतात. हा पदार्थ १९३७ सालीं जर्मनींत ओटो बायर व त्याचे सहकारी यांनीं प्रथम सिद्ध केला. काठिण्याचा आंकडा जितका मोठा तितकें चाक कठीण व सावकाश झिजणारें. लहान असेल तर जमिनीला अधिक चिकटून चालणारें.

बेअरिंगांचा धडा आषाढांत मिळाला. नात ओल्या अंगणांत फिरली, जोडा तसाच पिशवींत राहिला, आणि दोन दिवसांनीं चाकांतून जात्यासारखी घरघर ऐकूं येऊं लागली. प्रत्येक चाकाच्या नाभींत दोन बेअरिंगें असतात. बाहेरून २२ मिलिमीटर, मधलें भोंक ८, जाडी ७. आठ चाकांचीं सोळा, आणि एकेकांत सात गोळ्या धरल्या तर एकशें बारा गोळ्या. नेमि, नाभि, अक्ष हे शब्द मीं हजारों मुलांना पाठ करावयास लाविले. मेघदूतांतील चाकाच्या नेमीची उपमा दरवर्षीं रंगवून सांगितली. पण नाभींत बोट घालण्याचा प्रसंग वयाच्या पांसष्टाव्या वर्षीं आला. त्या मानानें आमच्या गांवचा गाडीवान शहाणा. बाजाराला निघण्यापूर्वीं तो आंसाला वंगण घातल्याशिवाय बैल जुंपीत नसे.

बेअरिंग चाकांतून काढून, सुईनें त्याचें रबरी झांकण हलकेंच उचलून, रंगाच्या दुकानांत मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्यें तें हलवून धुवावें. हें काम उघड्या गच्चींत करावें व गॅसपासून दूर. मग पूर्ण वाळूं द्यावें आणि शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावे. अधिक तेल घातलें तर तें धूळ गोळा करतें. चाकाच्या कडेला तेल लागूं देऊं नये, घसरतें. हें सर्व मीं यथासांग केलें. फक्त धुण्यासाठीं जी कांचेची बरणी घेतली ती लिंबाच्या लोणच्याची राखून ठेविलेली निघाली. त्या बाबतींत घरांत जें बोलणें झालें तें येथें देत नाहीं. तेल सौभाग्यवतीच्याच यंत्राचें होतें, हेंहि तिला मागाहून कळलें. सोळापैकीं तीन बेअरिंगें गंजून गेलीं होतीं. तीं टाकून नवीं घातलीं.

ह्याहून मोठा अपराध पुढें घडला. चारहि चाकें जमिनीला टेकतात कीं नाहीं हें पाहण्यास सपाट जागा हवी. म्हणून मीं धुतलेला जोडा स्वयंपाकघराच्या कडाप्प्याच्या ओट्यावर ठेविला. पायांतली वस्तु ओट्यावर! सूनबाई एरवीं मला उलट बोलत नाहींत, पण त्या दिवशीं "अण्णा!" एवढाच शब्द त्यांनीं असा उच्चारला कीं मी जोडा उचलून गच्चीच्या फरशीवर गेलों. उजव्याचें चौथें चाक अधांतरीं लोंबत होतें. व्हर्नियर लावून मोजलें. सर्वांत मोठें चाक ७५ मिलिमीटर भरलें, सर्वांत लहान ७१. दोनच चाकें नवीं आणावीं असें धाकट्या चिरंजीवांचें म्हणणें पडलें. तें चालत नाहीं. नवीं दोन उंच उभीं राहतात, शेजारचीं जमिनीला लागत नाहींत, आणि जोडा डुगडुगूं लागतो. आणावयाचीं तर आठ.

आठ चाकांचा खर्च म्हटल्यावर रात्रीं जेवणानंतर बैठक भरली. थोरले म्हणाले, "अण्णा, हें शेवटीं खेळणेंच." त्यावर त्यांच्याच मुलानें आंकडे काढले. २०२३ सालीं हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत ३००० मीटरच्या सांघिक शर्यतींत भारताच्या पुरुषांनीं व स्त्रियांनीं कांस्यपदकें मिळविलीं; त्याच पुरुषांच्या शर्यतींत कोरियाचा खेळाडू जिंकलों असें समजून हात वर करून बसला आणि तैवानानें त्याला सेकंदाच्या शंभराव्या भागानें मागें टाकलें. ही शेवटची हकीकत सगळ्यांना फार आवडली, पण चाकांविषयीं निर्णय होईना. तेव्हां मीं सांगितलें कीं खर्च माझ्या निवृत्तिवेतनांतून होईल, आणि तो कशाबद्दल हेंहि सांगितलें. नात तेथेंच होती. चारचौघांत बोललों होतों, तें चारचौघांतच परत घेणें भाग होतें. कोणी कांहीं बोललें नाहीं. सौभाग्यवतीनें सर्वांना दूध आणून दिलें.

नव्या चाकांवर ती दुसऱ्याच दिवशीं वाघीण झाली, असें कांहीं झालें नाहीं. कठडा सुटावयास आणखी पांच आठवडे लागले. आंत पडण्याची पायांना लागलेली संवय चाकांबरोबर फेंकतां येत नाहीं. दिवाळीच्या आधीं एके संध्याकाळीं ती वळणावर उजवा पाय डाव्यावरून टाकून गेली, आणि वळून माझ्याकडे न पाहतां तशीच पुढें निघून गेली.

अदलाबदलीसाठीं आम्हीं संकष्टीची संध्याकाळ ठरविली आहे. चंद्रोदयाला अवकाश असतो, पोटांत कांहीं नसतें, आणि हातांना काम हवें असतें. ती चाकें काढते, मी पुसतों. किल्ली शेवटीं मी फिरवितों, आणि चाक बोटानें फिरवून तें अडत नाहीं व डगमगतहि नाहीं, हें ती पाहते. मागच्या खेपेस माझा चष्मा आंत राहिला होता. तेलाची बाटली माझ्या हातून काढून घेऊन ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही राहूं द्या. तुम्हांला थेंब दिसत नाहींयेत."