घात होतो तो असा

मराठीत 'घात' या शब्दाचे दोन अर्थ. एक शाळेतला: दोनाचा तिसरा घात आठ. दुसरा 'अरेरे, घात झाला!' मधला. गेल्या महिन्यात घरी गृहकर्जावरून जी चर्चासत्रं झडली, त्यात दोन्ही अर्थ एकदमच भेटीला आले. म्हणून हा विकांत त्यांच्या नावाने.

जावात घात काढायला 'मॅथ डॉट पॉव' हे तयार फंक्शन आहे. आधी पाया द्या, मग घातांक द्या, उत्तर हजर. (नवी मंडळी हौसेने दोन आणि तीनच्या मध्ये टोपीचं चिन्ह टाकतात आणि उत्तर आठऐवजी एक येतं. जावात ती टोपी घाताची नाहीच, एक्सऑरची आहे!)

पण या पॉवसाहेबांची एक खोड आहे. तुम्ही पूर्णांक द्या नाहीतर अपूर्णांक, उत्तर 'डबल'मध्येच मिळणार, म्हणजे ५३ बिट्सची अचूकता. आता गंमत बघा. तीनाचा कुठलाही घात विषमच असतो. ३४ वा घात आहे १६६७७१८१६९९६६६५६९. पॉव मात्र सम आकडा देतं! कारण दोनाच्या ५३ व्या घातापलीकडे डबलला विषम संख्या मांडताच येत नाही. शेवटच्या अंकापर्यंत उत्तर हवं असेल तर बिगइंटिजर वापरायचा.

हे मी बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाबांची उभी हयात पतपेढीत गेली, व्याजाचे छापील तक्ते वापरण्यात. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मग तुझा तो ईएमआय याच फंक्शनने काढलास ना? त्यावर सही करायची आपण?"

प्रश्न रास्त होता. कर्ज ३० लाख, मुदत २० वर्षं, व्याज धरलं ९ टक्के. म्हणजे महिन्याला पाऊण टक्का आणि हप्ते २४०. ईएमआयच्या सूत्राचा जीव एकाच जागी अडकलेला असतो: १.००७५ चा २४० वा घात.

"२४० वेळा गुणत बसू?" बाबांनी वाण्याच्या गल्ल्यावर असतो तसला कॅलक्युलेटर पुढे ओढला. म्हटलं, दहाच गुणाकार पुरतात. २४० म्हणजे १२० चा वर्ग, १२० म्हणजे ६० चा, ६० म्हणजे ३० चा, ३० म्हणजे १५ चा. १५ विषम, म्हणून १४ ला एकदा गुणायचं, १४ म्हणजे ७ चा वर्ग... असं खाली एकापर्यंत. सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर एक कमी करा. दोनाच्या घातांसाठी ही रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे, जावाच्या कितीतरी शतकं आधी!

बाबांनी खालून वर चढत दहा गुणाकार केले. उत्तर ६.००९. पॉवचंही तेच. सोळाव्या अंकाच्या आसपासची चूक इथे पैशातसुद्धा दिसत नाही. हप्ता २६,९९२ रुपये. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली.

बाबा मात्र थांबले नव्हते. त्यांनी हप्त्याला २४० ने गुणलं. ६४ लाख ७८ हजार. ३० लाखांवर जवळपास ३५ लाख व्याज! पहिल्या हप्त्यातले २२,५०० तर नुसतं व्याजच. मग म्हणाले, "आता १८० चा घात काढ." १५ वर्षांसाठी तो ३.८३८ येतो. हप्ता ३०,४२८, एकूण ५४ लाख ७७ हजार. महिन्याला ३,४३६ जास्त भरले की शेवटी दहा लाख वाचतात.

"अरे, तुझं फंक्शन बरोबरच आहे," बाबा म्हणाले. "घात मुदत करते."

कमी हप्ता म्हणून आमचा दोघांचा ओढा २० वर्षांकडे होता. ३,४३६ म्हणजे आमच्या महिन्याच्या हॉटेलिंगचं बजेट. बायकोने दोन दिवस विचार केला, मीही केला. शेवटी १५ वर्षांवर शिक्कामोर्तब झालं. नोकरीचा भरवसा नाही म्हणून सहा हप्त्यांची रक्कम आधी बाजूला ठेवायची, ही बायकोची अट. बाबांना ती एकदम पसंत!

असो. तुमच्यापैकी कुणी सध्या फ्लॅट शोधत असेल, तर बँकेचा कागद समोर ठेवून दोन्ही मुदतींचे घात एकदा स्वतः काढा. पॉवने काढा, नाहीतर कॅलक्युलेटरवर. दहाच तर गुणाकार आहेत.