शेंडेनक्षत्राचा स्पेक्ट्रो रिपोर्ट

धूमकेतूला मराठीत शेंडेनक्षत्र म्हणतात, हे मला आजीकडून कळलं. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचं मराठी असंच, आजीच्या कृपेने!) तिच्या मते ते दिसलं की राजाचं काही खरं नाही. पण मित्रांनो, सूर्याजवळ गेल्यावर खरी वाट लागते ती बिचाऱ्या धूमकेतूचीच.

मागच्या सुट्टीत चाकणला एका फाउंड्रीत ट्रेनिंगला होते. भट्टीतला रस ओतायच्या आधी त्याचा नाण्याएवढा नमुना घेऊन लॅबमध्ये पळायचं. घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवला की ठिणगी पडते, कणभर धातूची वाफ होते आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं. लगेच प्रिंट : क्रोमियम इतकं, निकेल इतकं. तोवर अख्खी हीट थांबलेली. लॅबमधले काका म्हणायचे, "नुसतं बघून कळतंय व्हय, पोरी? जाळावं लागतं."

ऑक्टोबर 1965 मध्ये इकेया-सेकी धूमकेतू सूर्याच्या पृष्ठभागापासून साधारण साडेचार लाख किलोमीटरवरून गेला. आपल्यापासून चंद्र आहे, त्याहून थोडंसंच लांब! एरवी धूमकेतूच्या प्रकाशात बर्फातून सुटलेल्या वायूंच्याच खुणा ठळक असतात. इथे दगडधुळीचीच वाफ झाली आणि वर्णपटात लोखंड, निकेल, क्रोमियम, मँगनीज, तांबं यांच्या रेषा उमटल्या. यादी वाचून मला हसूच आलं, आमच्या लॅबचीच प्रिंट! फक्त हा माल साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचा, ग्रह घडताना उरलेला.

धूमकेतूमुळे सूर्याचीही परीक्षा होते. आपल्या पुण्याच्या आयुकाने बनवलेली 'सूट' दुर्बीण 2023 मध्ये आदित्य-एल1 यानावरून गेली, पण ती सूर्य बघते लांबूनच. नासाचं पार्कर यान डिसेंबर 2024 मध्ये सूर्यापासून 61 लाख किलोमीटरवर पोचलं. लव्हजॉय धूमकेतू मात्र 16 डिसेंबर 2011 ला अवघ्या 1 लाख 40 हजार किलोमीटरवरून, दहा लाख अंशांहून तापलेल्या प्रभामंडलातून, आरपार गेला! जाताना त्याची शेपटी वाकडीतिकडी हलली. वाफेतले विद्युतभारित कण चुंबकीय रेषा धरूनच सरकतात, त्यामुळे तिथलं न दिसणारं चुंबकीय क्षेत्र शेपटीने दाखवून दिलं. शाळेतला लोहकिसाचा प्रयोग आठवा. दोनेक दिवसांत त्याचा गाभा विस्कटला.

ऑक्टोबर 2024 मध्ये त्सुचिन्शान-ॲटलास दिसत होता, तेव्हा आम्ही फर्स्ट इयरला. हॉस्टेलच्या गच्चीवरून एमआयडीसीच्या दिव्यांपुढे काही दिसेना. रेक्टर मॅडमना मस्का लावून आम्ही चौघी लोकलने मळवलीला गेलो. सात वाजता पश्चिमेला बोटभर फिकट शेपटी दिसली. कुणीच काही बोललं नाही. मग परतीची लोकल आली.