आंबागडावरून दिसणारे पाणी

भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या धान बाजाराला कधी आलात, तर एक दिवस जास्तीचा काढा आणि बारा-तेरा किलोमीटरवरच्या आंबागडला जाऊन या. झाडीने झाकलेल्या टेकडीवर जुना किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या वतीने राजाखान पठाणाने सन १७०० च्या सुमारास तो बांधला, असे सांगतात. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा तुरुंग झाला. कैद्यांना आतल्या विहिरीचे विषारी पाणी पाजून मारीत, अशी गोष्ट आजही ऐकायला मिळते.

पण तटावर उभे राहाल तेव्हा खालीही बघा. धानाच्या बांध्या आणि तलाव-बोड्या हे या मुलखाचे खरे धन. १८५३ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी घेतले आणि गावे मालगुजारांच्या हाती राहिली. सारा तेच वसूल करीत, तलावही त्यांचेच. आज या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. पाहुण्याला वाटते कुणा मामाने बांधले असतील! तो ‘माजी मालगुजारी’चा संक्षेप आहे.

१९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले. त्याआधीच, १९४८ च्या कायद्याने मध्यप्रांतात जनपद सभा आल्या होत्या. १९५६ साली भंडारा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती. बारा-चौदा वर्षांत एवढे मालक बदलले, गाळ मात्र साचतच राहिला.

मालगुजाराच्या वेळी वेठ होती, तिचे गोडवे कुणी गाऊ नयेत. तरी पाळ फुटली तर कुणाच्या दारात जायचे, हे गावाला ठाऊक होते. आज शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, मोठे राज्याच्या खात्याकडे. तुमच्या गावचा तलाव कोणाच्या दप्तरी आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारून ठेवा. गाळ काढण्याचा ठराव उन्हाळ्याच्या आधीच ग्रामसभेत घ्या. रोवणीच्या तोंडावर कागद हलवून उपयोग नाही.

आंबागडला धान कापणी झाल्यावर, हिवाळ्यात जावे. वाट झाडीची आहे, पिण्याचे पाणी घरूनच न्या.