दोनच कप

आमच्या बीड जिल्ह्यात पाहुण्याला प्रथम पाणी आणि मग चहा देण्याची रीत आहे. कॉफी क्वचितच होते. तरीही माझ्या कपाटात रशियातून आलेला कॉफीचा एक संच आहे. एक किटली, साखरेचे एक भांडे आणि दोन कपबश्या, एवढाच त्याचा परिवार! शुभ्र अंगावर हाताने रेखाटलेली निळ्या रेषांची जाळी आहे. रेषा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे सोन्याचा इवलासा ठिपका आहे.

ही भांडी घडविणारा कारखाना १७४४ साली सेंट पीटर्सबर्ग नगरीत स्थापन झाला. चिनी मातीची विद्या चीनने शतकानुशतके जपली होती. दिमित्री विनोग्रादोव्ह या रशियन संशोधकाने ती अविरत प्रयोग करून साध्य केली. निळ्या जाळीची नक्षी ॲना यात्स्केविच या चित्रकर्तीची. दुसऱ्या महायुद्धात या नगरीला लेनिनग्राड म्हणत. १९४१ ते १९४४ या काळात शत्रूने तिला वेढा घातला. लाखो माणसे भुकेने व थंडीने मेली. त्या दिवसांतही ॲना तेथेच राहिली. १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात या नक्षीला सुवर्णपदक मिळाले. परंतु ते पाहावयास ती हयात नव्हती.

१९९० साली लेनिनग्राडला वैद्यकशास्त्र शिकणारा माझा एक विद्यार्थी सुट्टीत गावी आला. हा संच त्याने मला भेट दिला. सोबत त्याचे वडील होते. दुसऱ्यांच्या शेतात राबून त्यांनी मुलाला शिकविले होते. मी "आत या" म्हटले, तरी ते उंबऱ्याशीच थबकले.

त्याला कारण होते. पूर्वी खेड्यांतील हॉटेलांत काही माणसांचे कप बाहेर वळचणीला ठेवीत. चहा वरून ओतला जाई आणि कप ज्याचा त्याने विसळावयाचा असे. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने १९५० सालीच अस्पृश्यता रद्द केली. परंतु वळचणीचा कप लगेच हलला नाही. त्यांचे बालपण त्याच कपाने चहा पिण्यात गेले होते.

माझ्या पत्नीने कॉफी करून नव्या किटलीत ओतली. विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, कप दोनच आहेत. एक तुमचा, एक आबांचा."

आबांनी दोन्ही कपांकडे निरखून पाहिले व विचारले, "यातला माझा कोणचा, गुरुजी?"

"कोणताही घ्या, दादा. दोन्ही सारखेच आहेत."

त्यांनी एक कप उचलला आणि सावकाश कॉफी घेतली. मग जुन्या सवयीने ते कप विसळावयास उठले. पत्नीने तो हलकेच त्यांच्या हातून घेतला आणि दोन्ही कप एकाच पाण्यात धुतले.

मुलांनो, हाताने रंगविलेल्या दोन वस्तू अगदी एकसारख्या कधीच नसतात. या कपांपैकी एकाची रेघ किंचित जाड, तर दुसऱ्याची बारीक आहे. माणसामाणसांतही असे भेद असतात. परंतु तेवढ्याने कोणी वळचणीचा ठरत नाही.

तो विद्यार्थी आज डॉक्टर आहे. त्याच्या दवाखान्याच्या दाराशी पाण्याचा माठ आहे, आणि त्यावर पेला एकच आहे.