आवर्ती खर्च

खर्चाचे प्रस्ताव तपासताना इमारत व यंत्रसामग्री यांना मी सहज संमती देत असे. पगाराच्या मागणीवर मात्र ‘आवर्ती खर्च, फेरविचार व्हावा’ असा शेरा मारीत असे. काबूलच्या एका घटनेने माझी ही सवय मोडली.

तेथील दश्त-ए-बर्ची रुग्णालयाचा प्रसूती विभाग ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था २०१४ पासून चालवीत होती. २०१९ मध्ये तेथे सुमारे १६,००० बाळंतपणे झाली. १२ मे २०२० रोजी बंदूकधाऱ्यांनी आत शिरून २४ जणांना ठार केले. त्यांत १६ माता आणि एक सुईण होती. पुढच्याच महिन्यात संस्थेने तेथील काम थांबविले. इमारत उभीच होती. हजारो बाळंतपणे पार पाडणारा जथा मात्र पांगला. डिसेंबर २०२४ मध्ये तर तालिबान राजवटीने मुलींचे सुईणीचे शिक्षणही बंद केले.

भारताच्या साहाय्याने उभारलेले इंदिरा गांधी बालरुग्णालय काबुलातच आहे, याचा मला अभिमान वाटतो. तरीही युद्धग्रस्त देशाला मदत देताना सुईणीचे शिक्षण, वेतन आणि सुरक्षा यांची तरतूद आधी व्हावी, असे आता वाटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवण्यासाठीही कोणाचे तरी शिकलेले हात लागतात. माझे ते जुने शेरे मला आज बोचतात.